दौलू वस्ताद आणि डोंगरावरचा खवीस

एक होती तालीम. राजा नाही, राणी नाही, नुसती तालीम. ज्याला राजाच हवा असेल त्यानं आत्ताच उठून बाहेर बसावं. कुणी उठत नाही ना? मग पाय आत घ्या आणि ऐका.

तालीम म्हणजे कुस्ती शिकायची जागा. आत एक मोठा चौकोनी खड्डा, त्याला म्हणायचं हौदा. हौद्यात लाल माती. ती नुसती माती नव्हे बरं का. तिच्यात ताक घालायचं, तेल घालायचं, हळद घालायची, लिंबं पिळायची. मग खोऱ्यानं उकरून, पायांनी मळून इतकी मऊ करायची की वरून धाडकन पडलं तरी हाड मोडू नये. कोनाड्यात मारुती. त्याला हात जोडल्याशिवाय मातीत पाय टाकायचा नाही.

ही तालीम होती बेलकडं नावाच्या गावात. तिचे वस्ताद होते दौलू वस्ताद. वस्ताद म्हणजे कुस्ती शिकवणारे गुरू. अंगानं दणकट, मिशा पांढऱ्या, एक गुडघा कामातून गेलेला. मनानं माणूस वाईट नव्हता. पण संशयी! काय सांगू तुम्हाला. दूध आलं की आधी बोट बुडवून बघायचे. कुणी 'काय वस्ताद, बरं हाय न्हवं?' असं विचारलं, की मनात म्हणायचे, याला माझ्या बऱ्या-वाईटाशी काय करायचंय? कुत्र्यानं शेपूट हलवलं तरी म्हणायचे, हे कशाला हलवतंय? त्यांची बायको हौसाबाई. ती हसून सोडून द्यायची. पण रोजच्या रोज हसू तरी कुठून आणणार?

आता गावाच्या डोक्यावर होता डोंगर, डोंगरावर झरा, आणि झऱ्यावर बसला होता खवीस. खवीस म्हणजे डोंगरातलं भूत. भूत म्हटल्याबरोबर लगेच एकमेकांना चिकटायचं काही कारण नाही. हा खवीस रात्रीबेरात्री येऊन भिववणारा नव्हता. तो यायचा भर दुपारी, नागपंचमीला, लंगोट कसून. त्याला कुस्तीचा भारी नाद होता.

दिसायला माणसासारखाच. पण चालला की मातीत पाऊल उमटायचं नाही. डोळ्याची पापणी लवायची नाही. आणि कुस्तीआधी गडी एकमेकांच्या अंगाला माती लावतात ना, पकड बसावी म्हणून, तर याच्या अंगाला माती चिकटायचीच नाही. सगळी घसरून खाली.

त्याची एकच बोली होती. तो म्हणायचा, "वर्सातनं एक कुस्ती. तुमच्या गड्यानं मला चीत केलं, तर झरा वर्सभर वाहील, आन् माझ्याकडं कुणी गडी आसंल तर तोबी सुटंल. मी त्याला चीत केलं, तर झऱ्याचा तिसरा हिस्सा आटंल. आणि तो गडी माझा. वर येऊन माझं पाय चेपायचं." चीत म्हणजे काय ठाऊक आहे? दोन्ही खांदे मातीला आणि तोंड आभाळाकडे. तेवढं झालं की संपलं.

आणि एक रीत होती. गड्याचा वस्ताद हौद्याच्या काठावर उभा पाहिजे. त्याशिवाय कुस्ती धरायची नाही. वस्ताद देवाघरी गेला असेल तर त्याचा फेटा काठावर ठेवायचा. जिवंत असेल तर मात्र त्यानं स्वतः उभं राहायचं. खवीस झाला म्हणून काय, कुस्तीची रीत त्यानंही मोडली नाही.

दौलू वस्ताद तरणे होते तेव्हा दर नागपंचमीला तेच लढायचे. त्यांचे वस्ताद कधीच वारले होते. मग त्यांचा फेटा काठावर ठेवून दौलू मातीत उतरायचे आणि खविसाला आभाळ दाखवून यायचे. झरा खळखळ वाहायचा. पाटाला पाणी, हौदाला पाणी, म्हशी डुंबायला पाणी. मग एका वर्षी गुडघा गेला. आता शिष्यांनी लढायचं. आणि इथून सगळं बिघडलं बरं का.

शिष्य तिघे होते. थोरला बिरू, मधला सिदू आणि धाकटा केरबा. प्रत्येकाचा एक आवडीचा डाव. बिरूचा धोबीपछाड. समोरच्याचा हात आपल्या खांद्यावर ओढायचा, गर्रकन वळायचं, त्याला पाठीवर घ्यायचं आणि परीट धुणं आपटतो तसं समोर आपटायचं. सिदूची ढाक. समोरच्याचा हात काखेत दाबायचा, कंबर आत घालायची आणि कंबरेवरूनच त्याला भिरकावून द्यायचा. केरबाचा पट. हा आपला खाली वाकून समोरच्याचा एक पायच उचलायचा. पाय गेला की माणूस गेला.

पहिल्या वर्षी उतरला बिरू. वस्ताद काठावर उभे. हलगी कडाडली. बिरूनं खविसाचा हात धरला. आता वळणार, एवढ्यात काय झालं? बिरू वळायच्या आतच खवीस खाली बसला. जसं काही त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. बिरू रिकामाच फिरला, तोल गेला आणि धप्प! खविसानं त्याला काखोटीला मारलं आणि चालला डोंगरावर. पोरगं जाताना ओरडलंसुद्धा नाही, नुसतं वस्तादांकडे बघत राहिलं. झऱ्याचा तिसरा हिस्सा आटला.

गाव रडलं. हौसाबाई रडली. वस्ताद मात्र रडले नाहीत. ते विचार करत बसले. मी लढायचो तेव्हा कधी पडलो नाही. पोरगं माझ्यापेक्षा ताकदीचं आहे. डावही मीच शिकवलाय. मग खविसाला आधीच कळलं कसं? एकच उत्तर. कुणीतरी फितूर झालं.

मग काय, संशयाला जागा कमी का असते? तालमीत बाहेरचं माणूस कोण येतं? सावळा गवळी. रोज सकाळी कासंडी घेऊन येतो, दूध ओततो आणि जरा वेळ पोरांचा जोर बघत उभा राहतो. का उभा राहतो? झालं! वस्तादांनी सावळ्याचं दूध बंद केलं. सावळा म्हणाला, "वस्ताद, चूक काय झाली तेवढं तरी सांगा." वस्ताद म्हणाले, "तुला ठावं हाय." त्याला कुठलं ठाऊक असायला? बिचारा कासंडी उचलून गेला. पोरांचं दूध मात्र तुटलं.

दुसऱ्या वर्षी सिदूची पाळी. यंदा वस्तादांनी बंदोबस्त केला. तालमीच्या खिडक्यांना पोती लावली. दाराला आतून कडी. सिदूची ढाक कुणी बघायची नाही. खुद्द हौसाबाईनं जेवण आणलं तरी उंबऱ्यावर ठेवून परत जायचं. आत अंधार, कोंदट हवा, घामाचा वास. पोरांना श्वास घेता येईना, तर वस्ताद म्हणत, "सोसा. खविसाचं कान लांब हायेत."

नागपंचमी आली. खवीस आला. हलगी वाजली. सिदूनं हात काखेत दाबला. कंबर आत घालणार, तोच खविसानं आपली कंबर मागे नेली. सिदूचं सगळं बळ हवेत गेलं आणि तोही चीत. गेला डोंगरावर, बिरूच्या शेजारी पाय चेपायला. झरा आता एवढाच राहिला, करंगळीएवढा. बायका घागर लावून बसायच्या आणि भरेपर्यंत गप्पा संपून जायच्या. आता तिसरा गडी पडला की झरा संपला. मग बेलकड्यानं बिऱ्हाड पाठीवर घेऊन जायचं कुठं?

झोपलं का रे कोणी? मला कळतं हो. गोधडीच्या आत डोळे मिटून हसणाराही मला कळतो.

आता दौलू वस्तादांच्या डोक्यात काय आलं ओळखा. खिडक्यांना पोती होती. दाराला कडी होती. आत होतो आम्ही तिघे. मी, सिदू आणि केरबा. सिदू तर पडला. मी सांगितलं नाही. मग उरलं कोण?

केरबा! तोच केरबा, ज्याला सात वर्षांचा असताना आईनं तालमीत आणून सोडलं होतं आणि ज्याला हौसाबाईनं पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. वस्तादांना तो आवडायचा. खरं तर तिघांत तोच जास्त आवडायचा. पण संशय आला की आवडणं-बिवडणं बाजूला बसतं, आणि माणूस नुसता डोळे बारीक करून बघत राहतो.

वस्ताद बघायला लागले. केरबा हसला तर, का हसला? गप्प बसला तर, काय लपवतोय? आणि एक दिवस त्यांना दिसलंच. दुपारी सगळे लवंडले की केरबा हळूच उठतो, फडक्यात काहीतरी बांधतो आणि जातो. कुठं? डोंगराच्या वाटेनं!

 मग वस्ताद दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत, झुडपांच्या आडून त्याच्या मागं गेले. केरबा डोंगराच्या पायथ्याशी पोचला. तिथं एक मोठी शिळा होती. शिळेवर त्यानं फडकं ठेवलं, वर बघून शीळ घातली आणि बाजूच्या ओढ्यावर हात धुवायला गेला.

वस्ताद पुढे झाले. फडकं सोडलं. आत भाकरी. भाकरीवर ठेचा. वस्तादांनी काय करावं? त्यांनी भाकरी मोडली! आत काही लपवलंय का बघायला. एक मोडली, दुसरी मोडली, तिसरी मोडली. आत काय असणार? भाकरीत भाकरीच असते.

मागून आवाज आला, "वस्ताद, ठेचाबी उकरून बघा. ऱ्हाईला आसंल काही."

केरबा उभा होता. हात ओले, डोळेही ओले. तो म्हणाला, "खवीस त्यास्नी खायला देत न्हाई. रानातली कंदमुळं देतो. बिरूदादाचं पोट दुखतं त्यानं. म्हणून माझ्यातली भाकरी आणतो. शीळ घातली की सिदूदादा वरनं दोरी सोडतो. बस, एवढंच हाय माझं गुपित."

वस्तादांच्या हातात भाकरीचे तुकडे. ते तुकडे परत जुळवायला लागले, जसं काही भाकरी सांधता येते.  इतकी लाज त्यांना कुस्तीत पडते तरी वाटली नसती. केरबानं तुकडे घेतले, फडक्यात बांधले आणि वर जाणाऱ्या दोरीला लावले. मग म्हणाला, "गावासाठी मी लढंन. पण तुमच्या तालमीत आता न्हाई येणार." आणि पाठमोरा चालायला लागला.

वस्ताद घरी आले. तुम्हाला वाटेल, आता तरी संशय सुटला असेल. छे! इतक्या सहज सुटतो होय? लाज वाटली, डोळ्यांत पाणी आलं, ते सगळं खरं. पण मनातला किडा वळवळतच होता. केरबा नाही. सावळा नाही. मग आता घरात राहिलं कोण?

हौसाबाई जोंधळे निवडत बसली होती. वस्ताद तिच्या सुपाकडे बघत म्हणाले, "काय गं, दुपारची कुणाकडं बोलाय जातीस?"

हौसाबाईचे हात थांबले. सूप खाली ठेवलं. म्हणाली, "आता माझ्यावर व्हय? बराच उशीर लावलासा. मला वाटलं, माझा नंबर सावळ्याच्या आदी लागंल."

"तसं न्हवं..."

"तसंच हाय. आवो, मला डाव कुठं कळतोय? मी तर कुस्ती कधी बघितलीच न्हाई."

"खोटं! दर नागपंचमीला म्होरंच बसतीस की."

"बसते," हौसाबाई म्हणाली. "पर बघते तुमच्याकडं. आदी तुमी मातीत असायचा, तवा मातीकडं बघायची. आता तुमी काठावर असता, तर काठाकडं बघते. तिकडं कोण पडतंय न् कोण उठतंय, मला काय करायचंय?" आणि मग जरा मऊ आवाजात विचारलं, "पर झालंय तरी काय? दोन वर्सं नुसतं डोळं वटारून हिंडताय. कशाचा संशय ते मला एकदा तरी सांगितलं का?"

खरंच की. सांगितलंच नव्हतं. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याला सांगायचं कसं, आणि संशय तर सगळ्यांवरच! म्हणून वस्तादांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, "त्या खविसाला आदीच कळतं गं. पोरगं डाव टाकायच्या आत. कसं कळतं, तेच घोडं पेंड खातंय."

हौसाबाई एकदम त्यांच्याकडे वळली. तिनं पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "आवो, मलाबी आदीच कळतं."

वस्ताद ताडकन उठले. पुन्हा डोळे बारीक!

"बसा खाली," हौसाबाई म्हणाली. "तुमच्याकडं बघूनच कळतं, माती नुसती डोळ्याच्या कडंला दिसती. बिरू वळायच्या आदी तुमचा उजवा खांदा पडला. सिदूच्या आदी तुमची कंबर उडाली. पोरगं मातीत खेळतं आन् तुमी काठावर. तुमचं आंग आदी डाव मारतंय, पोरगं मागनं मारतंय. मला वाटायचं, समद्याच वस्तादांचं आसंच आसंल. तो मेला खवीस पोराच्या डोळ्यांत बघतच नसंल. खांद्यावरनं तुमच्याकडं बघत आसंल."

वस्तादांचा विश्वास बसेना. "मग मी लढायचो तवा त्याला का कळत नव्हतं?"

"तवा काठावर तुमच्या वस्तादांचा फेटा व्हता. फेटा काय खांदा हलवतोय?"

 पण हा माणूस दौलू वस्ताद होता. बायको म्हणाली म्हणून मानेल तर शपथ. म्हणाला, बघायचंच. हौसाबाईनं स्वतः जाऊन केरबाला हात धरून आणलं. तो तिच्या शब्दासाठी आला, वस्तादांकडे मात्र बघेना. तिनं तालमीच्या खिडक्यांची पोती ओढून काढली. किती दिवसांनी आत ऊन आलं! त्याच पोत्यात भुसा भरून त्याचा एक गडी केला आणि हौद्यात उभा केला. मग ती हौद्याकडे पाठ करून, वस्तादांकडे तोंड करून बसली. केरबा तिला दिसत नव्हता बरं का.

केरबा सरकला. वस्तादांचा गुडघा एवढासा वाकला. हौसाबाई म्हणाली, "वाकला." आणि केरबा पटाला वाकला.

पुन्हा केरबा सरकला. वस्तादांनी या वेळी हाताची घडी घट्ट घातली. पण उजवा खांदा उतरलाच. हौसाबाई म्हणाली, "वळला." आणि केरबानं धोबीपछाड मारला.

तिसऱ्यांदा वस्तादांनी खांब कवटाळला. दात-ओठ आवळले. श्वाससुद्धा कोंडला. आता बघू कसं कळतं! केरबा आत शिरला. वस्तादांच्या पायाचा अंगठा मातीत रुतला. हौसाबाई म्हणाली, "कंबर घातली." आणि पोतं कंबरेवरून उडून पार कोनाड्यापाशी पडलं.

वस्तादांनी खांब सोडला. दोन वर्षं फितूर शोधत होते. सगळं गाव धुंडाळलं. आणि फितूर होता आपलाच खांदा. बिरू जाताना का बघत होता आपल्याकडे, ते आठवलं आणि त्यांना हुंदका फुटला. एवढा मोठा माणूस, मिशांवरून पाणी ओघळतंय. मग ते पुढे झाले आणि केरबापुढे हात जोडायला लागले. केरबानं ते हात वरच्यावर धरले. म्हणाला, "वस्ताद, आसलं काय करू नगा. नागपंचमी आलीया. काय करायचं ते बोला."

वस्तादांनी डोळे पुसले आणि थोडा वेळ विचार केला. काठावर उभं तर राहावंच लागणार. खांदा तर ऐकणार नाही. मग ते म्हणाले, "मी काठावर हुबा ऱ्हाईन. पर पाठ करून. आन् तू कुठला डाव टाकणार, ते मला सांगू नगंस. मला ठावंच नको."

पोरांनो, हे बोलणं सोपं नव्हतं. जो माणूस दुधात बोट बुडवल्याशिवाय पेला तोंडाला लावत नाही, त्यानं म्हणायचं, मला काही बघायचं नाही, मला काही सांगू नकोस. 

मग नागपंचमी आली. सगळं गाव हौद्याभोवती जमलं. हलगी वाजली. भर दुपारी खवीस डोंगर उतरून आला. मातीत पाऊल उमटेना, पापणी लवेना. आला तो थेट काठाकडे बघायला लागला. बघतो तर काय, वस्तादांची नुसती पाठ! आणि वस्तादांच्या समोर, हौद्याकडे पाठ करून, हौसाबाई बसलेली.

"आरं दौलू," खवीस म्हणाला, "तोंड हिकडं कर की."

वस्ताद म्हणाले, "वस्ताद हुबा पायजे, हुबा हाय. तोंड कुठं करायचं ते तुझ्या बोलीत न्हाई."

गाव हसलं. खवीस हसला नाही. इतक्या दिवसांत त्याची स्वतः कुस्ती करायची सवयच मोडली होती ना! मग त्यानं केरबाला हात दिला खरा, पण तोंड चालूच ठेवलं. एक झटापट झाली आणि खवीस ओरडला, "दौलू, तुझा पठ्ठ्या माझ्याकडं बघून हसतोय बघ!"

वस्तादांच्या मानेला झिणझिण्या आल्या. का हसत असेल? पण ते वळले नाहीत.

दुसरी झटापट झाली. आणि मागून आवाज आला, अगदी बिरूचा आवाज, तसाच जाड, तसाच प्रेमळ. "वस्ताद, मी सुटून आलोय. माझ्याकडं बघा की!" वस्तादांचे डोळे भरून आले. एक पाय वळायला उचललासुद्धा. पण त्यांनी हौसाबाईकडे बघितलं. तिनं नुसती मान हलवली. पाय पुन्हा खाली आला.

मग तिसऱ्यांदा खवीस ओरडला नाही. अगदी हळू बोलला, वस्तादांना तेवढं ऐकू जाईल असं. "दौलू, तुझा केरबा रोज डोंगराकडं येत व्हता. ठावं हाय न्हवं? भाकरी निस्ती दाखवायला. आमचं ठरलंय. आज त्यो आपणहून पडणार हाय."

बघा कसा मेला! खोट्याला खऱ्याचं बोट धरून आणलं. डोंगराकडे जाणं खरं होतं, भाकरीही खरी होती, वस्तादांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.  मनातला किडा उठून उभा राहिला. वळ, एकदाच वळ, एकदाच बघून घे, नाहीतर फसशील! कपाळावरून घाम गळून मिशांत शिरला. खरंच ठरलं असेल तर? झरा गेला, गाव गेलं, सगळं गेलं.

आणि त्यांना हातातली ती मोडलेली भाकरी आठवली. वस्तादांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि म्हणाले, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, "केरबा, माझी पाठ तुझ्याकडं हाय रे पोरा. खेळ!"

मग धप्प!

हलगी थांबली. गाव गप्प. कोण पडलं? वस्तादांना कळेना. त्यांनी तरीही वळून बघितलं नाही. तसेच उभे. मग मागून दोन हात त्यांच्या पायांना लागले. मातीनं भरलेले हात. ऊन ऊन.

खविसाच्या हाताला माती कधी चिकटली होती का? नाही. वस्ताद वळले आणि त्यांनी केरबाला उचलून छातीशी धरलं. हौद्यात खवीस उताणा, दोन्ही खांदे मातीला, आभाळाकडे बघत पडला होता. आणि काय नवल! त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या पाठीला माती चिकटली. ती झटकत झटकत तो मुकाट्यानं डोंगरावर गेला, तो पुन्हा कधी खाली आला नाही. बोलीचा मात्र पक्का. बिरू आणि सिदूला सोडून दिलं. आणि वरून खळखळ करत झरा सुटला, तो थेट पाटात, पाटातून शेतात. म्हशी तर पहिल्या धावल्या.

पुढं सावळा गवळी पुन्हा दूध घेऊन यायला लागला. वस्ताद त्यात बोट बुडवायचेच, सवय काय एका दिवसात जाते? पण मग स्वतःच हसायचे आणि पिऊन टाकायचे. सगळे सुखात राहिले. पाणी होतं, तालीम होती, मारुतीला रोज दिवा होता.

पण केरबानं डाव कोणता टाकला? वस्तादांनी ते कधीच विचारलं नाही. केरबा सांगायला आला की म्हणायचे, "असू दे. तुझा तुझ्यापाशी." गावातले लोक सांगायला आले की कानांत बोटं घालायचे. मरेपर्यंत त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसूनही त्यांना झोप गाढ लागायची.

मला काय विचारता? मलाही ठाऊक नाही. ही गोष्ट चालत आली हौसाबाईच्या तोंडून, आणि ती त्या दिवशीही वस्तादांकडेच बघत बसली होती.

चला, आता दार नीट लागलंय का, दिवा कोण मालवतंय, काही बघायचं नाही. माझ्याकडे पाठ करा आणि झोपा. मी आहे.